घरात येणाऱ्या वस्तू कमी कशा करायच्या: नवख्यांसाठी पायरी पायरीने

कमी वस्तूंत राहायचं मनावर घेतलं की बहुतेक लोक पहिल्या सुट्टीला कपाट उपसतात, चार पिशव्या भरून सामान बाहेर काढतात, मोकळ्या कपाटाचा फोटो टाकतात आणि काही महिन्यांत कपाट परत भरतं. घर आवरलं की बरं वाटतं हे खरंय, त्याला माझी काही हरकत नाही, पण पर्यावरणाचं म्हणाल तर त्याने जवळपास काहीच साधत नाही, कारण त्या वस्तूपायी जे नुकसान व्हायचं त्यातलं बरंचसं ती कपाटात येण्याआधीच होऊन गेलेलं असतं. खाण, शेत, पाणी, कारखाना, जहाज, ट्रक, सगळं मागे पडलं. आता ती तुमच्याकडे राहिली काय नि कचऱ्यात गेली काय, उपसलेलं काही परत जमिनीत जात नाही.

थोडे आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. एका सुती टी-शर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी लागतं, आणि त्यातलं बहुतेक कापूस पिकवण्यातच जातं. मध्य आशियातला अरल समुद्र एकेकाळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर होतं, १९६० नंतर त्याला मिळणाऱ्या आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी मुख्यतः कापसाकडे वळवलं गेलं आणि ते सरोवर आटून त्याचा छोटासा तुकडा उरला. जगभरात जमिनीतून आणि निसर्गातून काढला जाणारा कच्चा माल १९७० मध्ये वर्षाला ३० अब्ज टन होता, आता तो १०० अब्ज टनांच्या वर गेलाय. लोकसंख्या एवढी नाही वाढली, म्हणजे माणशी वापर वाढलाय, आणि तोही सगळ्यांचा सारखा नाही. जगातल्या वरच्या १० टक्के श्रीमंतांच्या वाट्याला जवळपास निम्मं कार्बन उत्सर्जन येतं. त्यामुळे ज्यांच्याकडे मुळात गरजेपुरतंच आहे त्यांना "कमी वापरा" सांगायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, हा लेख ज्यांच्या घरी आठवड्याला एखादं तरी पार्सल येतं त्यांच्यासाठी आहे.

तर मुद्दा असा की नळ चालू ठेवून फरशी पुसत बसायचं नाही. वस्तू बाहेर काढणं राहू दे, आधी येणं कमी करा.

पायरी १: काही टाकू नका, आणि काही "इको" घेऊ पण नका

सुरुवात इथून. पुढचा महिनाभर घरातलं काहीही काढायचं नाही. प्लॅस्टिकचे डबे चांगले असतील तर तेच वापरायचे, ते फेकून काचेचे आणायचे नाहीत. बांबूचा ब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, सुंदर दिसणाऱ्या कापडी पिशव्यांचा सेट, "झिरो वेस्ट किट" वगैरे सगळं बाजूला ठेवा, कारण ही पण खरेदीच आहे, फक्त हिरव्या रंगात.

कापडी पिशवीचंच घ्या. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा पूर्ण हिशोब मांडला होता, त्यात साधी सुती पिशवी दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला फक्त हवामानबदलाचा निकष धरला तर निदान ५२ वेळा वापरावी लागते आणि पाणी, ओझोन थराचं नुकसान वगैरे सगळे निकष धरले तर ७१०० वेळा. (पिशव्या उडून नदी-समुद्रात जातात ते नुकसान त्या हिशोबात धरलेलं नव्हतं, त्यामुळे "मग प्लॅस्टिकच बरं" असा अर्थ काढू नका.) अर्थ एवढाच की घरात आधीपासून असलेली कुठलीही पिशवी फाटेपर्यंत वापरणं सगळ्यात चांगलं, आणि प्रत्येक कार्यक्रमात फुकट मिळणारी कापडी पिशवी घेऊन घरी त्यांचा ढीग करणं हे काही पर्यावरणप्रेम नाही.

पायरी २: महिनाभर नोंद ठेवा

वही घ्या किंवा फोनमध्येच लिहा. खाण्यापिण्याचं आणि औषधं सोडून घरात जी जी वस्तू येईल ती लिहायची. विकत घेतलेली, भेट आलेली, फुकट मिळालेली, एकावर एक फ्री आलेली, ऑफिसने दिलेली, सगळी. समोर तीन गोष्टी लिहा: कुठून आली, किती वाजता ठरवलं, आणि घ्यावंसं का वाटलं.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच लोक रिकामा सोडतात. "गरज होती" असं लिहू नका, सगळंच गरजेचं वाटतं त्या वेळी. नेमकं लिहा: सेल संपत होता, डिलिव्हरी फ्री व्हायला थोडेच कमी पडत होते, मैत्रिणीकडे बघितलं, दिवस वाईट गेला होता, झोप येत नव्हती, जुना सापडत नव्हता. शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा निघतं, कात्री, चार्जर, टेप, छत्री असल्या गोष्टी घरात असतात पण सापडत नाहीत म्हणून परत येतात, आणि मग मला वाटतं आवरण्याचा पर्यावरणाला काही उपयोग असेल तर तो इथेच आहे, काय आहे ते दिसावं म्हणून आवरायचं, टाकण्यासाठी नाही.

महिन्याच्या शेवटी वही वाचून काढा. खर्च किती झाला ते बघायचं नाहीये, कारणं मोजायची. साधारण दोन-तीन कारणांमध्येच निम्म्याहून जास्त वस्तू बसतात, तुमची कुठली ती कळली की पुढचं सोपं.

पायरी ३: येण्याचे रस्ते बंद करा

इच्छाशक्तीवर भरवसा ठेवू नका. समोर दिसलं की घ्यावंसं वाटणार, त्यासाठीच ते तसं बनवलेलं असतं. त्यामुळे दिसणंच कमी करायचं. खरेदीची ॲप फोनमधून काढून टाका, गरज लागलीच तर ब्राउझरमधून जा, तेवढा कंटाळा पुरतो बऱ्याचदा. साठवलेलं कार्ड डिलीट करा म्हणजे प्रत्येक वेळी नंबर टाकावा लागेल. नोटिफिकेशन बंद, प्रमोशनचे ईमेल अनसबस्क्राइब, "किंमत उतरली" वाले अलर्ट बंद. जे अकाउंट बघितलं की काहीतरी घ्यावंसं वाटतं ते अनफॉलो करा, भले ते "साधेपणाने जगा" सांगणारं का असेना, तिथे पण शेवटी एक लिंक असतेच.

"आत्ता घ्या, नंतर पैसे द्या" आणि ईएमआयचं मात्र वेगळं सांगतो, ते पूर्ण बंदच करा. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूची खरी किंमत डोक्यात बसतच नाही आणि हप्ता संपायच्या आत पुढचं मॉडेल आलेलं असतं.

आणि "आवडलं नाही तर रिटर्न करू" हे डोक्यातून काढा. परत गेलेला सगळा माल पुन्हा विकला जात नाही, तपासून, परत पॅक करून ठेवणं कंपनीला बऱ्याचदा महाग पडतं. न विकला गेलेला आणि परत आलेला माल नष्ट करण्याचं प्रमाण एवढं होतं की फ्रान्सला २०२० मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तीन साइज मागवून दोन परत पाठवणं फुकट दिसतं, पण ते फुकट नसतं.

पायरी ४: थांबायची यादी

एखादी गोष्ट हवीशी वाटली की घ्यायची नाही, यादीत लिहायची, तारीख टाकायची. छोटी असेल तर आठवडा, मोठी असेल तर ३० दिवस. मुदत संपल्यावर यादी उघडायची, अजून हवी असेल आणि ती नसल्यामुळे या काळात खरंच कुठे अडलं असेल तर पुढच्या पायरीवर जायचं. "अडलं का" हा प्रश्न "हवंय का" पेक्षा बरा, कारण हवंय तर असतंच.

अपवाद ठेवा, नाहीतर हे टिकत नाही. चष्मा मोडला, वाढत्या मुलाचे बूट लहान झाले, गॅसची नळी बदलायची आहे, यात थांबायचं काही कारण नाही. आणि सेलच्या काळात यादी उघडायची नाही, हा नियम कडक पाळा.

पायरी ५: घ्यायचंच ठरलं तर

क्रम असा ठेवा: घरातल्याच कशाने भागतंय का, मग कोणाकडून मागून आणता येईल का, मग भाड्याने, मग वापरलेलं, आणि सगळ्यात शेवटी नवीन. ड्रिल मशीन, शिडी, मोठी बॅग, तंबू, प्रोजेक्टर, समारंभाचे कपडे, असल्या वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टी मागून आणायला लाजू नका. मागायला लाज वाटते म्हणून लोक अख्खी मशीन विकत घेतात आणि मग ती मशीन वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहते.

नवीन घेताना आधी एकच गोष्ट बघा, दुरुस्त होते का. स्क्रू आहेत की सगळं चिकटवलंय, बॅटरी बदलता येते का, सुटे भाग मिळतात का, सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं देणार आहेत. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन असल्या वस्तूंवर दुरुस्तीचे १० पैकी गुण छापणं बंधनकारक केलं, तुमच्याकडे तसं लेबल नसलं तरी हेच प्रश्न दुकानदाराला विचारता येतात, आणि उत्तर देता आलं नाही तर तेही एक उत्तरच.

मुद्दाम कमी टिकणाऱ्या वस्तू बनवणं हा काही कटकारस्थानवाल्यांचा कल्पनाविलास नाही बरं का. १९२४ च्या डिसेंबरमध्ये जिनिव्हात बल्ब बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी फीबस नावाचा गट केला, ओसराम, फिलिप्स वगैरे त्यात होत्या, आणि ठरवलं की बल्ब १००० तासच चालायला पाहिजे. तेव्हा चांगले बल्ब १५०० ते २००० तास चालत होते. ज्याचा बल्ब जास्त चालेल त्या कंपनीला दंड! हे दुसऱ्या महायुद्धापर्यंत चाललं.

पायरी ६: आहे ते टिकवा

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते याच्याबद्दल, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

कपडे. २००० ते २०१५ या काळात जगात कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा टाकण्याआधी किती वेळा घातला जातो ते प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घसरलं. ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेचा हिशोब असा की कपडा अजून नऊ महिने जास्त वापरला तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा बोजा २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. करायचं काय तर कमी धुवायचं, एकदा घातला की टाकला टोपलीत ही सवय सोडायची, वास-डाग नसेल तर वाऱ्यावर टांगून परत घालायचा. धुताना गार पाणी, उलटा करून, मशीन भरलेली असताना, आणि ड्रायरऐवजी दोरीवर. पॉलिस्टर, नायलॉनचे कपडे धुताना तर त्यातून बारीक प्लॅस्टिकचे धागे सुटतात, कारखान्यातून किंवा वापरातून थेट कणांच्या रूपातच समुद्रात जाणाऱ्या मायक्रोप्लॅस्टिकमध्ये सुमारे ३५ टक्के वाटा कपडे धुण्याचा आहे असा आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा २०१७ चा अंदाज होता. म्हणजे कमी धुतलं तर कपडा पण टिकतो आणि समुद्राला पण बरं. बटण लावणं, शिवण मारणं, चेन बदलून घेणं हे तीन जमले तरी अर्धे "गेलेले" कपडे परत वापरात येतात.

फोन आणि लॅपटॉप. फोनच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा भाग तो बनवण्यातच होतो, कंपन्यांच्या स्वतःच्या रिपोर्टमध्ये बऱ्याच मॉडेलसाठी तो ७०-८० टक्क्यांच्या घरात असतो. त्यामुळे चार्जर काढून ठेवल्याने काही विशेष होत नाही, फोन तीनऐवजी सहा वर्षं चालवला तर होतं. कव्हर आणि काच पहिल्या दिवसापासून लावा. बॅटरीला उष्णता सगळ्यात वाईट, त्यामुळे उन्हात गाडीत ठेवणं, उशीखाली चार्जिंगला लावणं टाळा, आणि शक्यतो २० ते ८० टक्क्यांमध्ये ठेवा. फोन स्लो झाला की आधी स्टोरेज रिकामं करा, मग बॅटरी बदलून घ्या, त्यानंतर पण चालत नसेल तर नव्याचा विचार करा.

आता एक उलटी गोष्ट. जुनं ते सगळं टिकवावंच असं नाही. फ्रिज, एसी, गीझर यांचं नुकसान बनवण्यापेक्षा वापरण्यात, म्हणजे विजेत जास्त असतं, त्यामुळे खूप जुना, प्रचंड वीज खाणारा फ्रिज बदलणं बरोबर ठरू शकतं, मात्र जुना "असू दे दुसरा" म्हणून चालू ठेवायचा नाही, नाहीतर दोन्हीकडून तोटा. आणि तो भंगारात देताना त्यातला गॅस नीट काढून घेणाऱ्यालाच द्या, फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला आर-१३४ए हा वायू १०० वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापवतो, पाइप तोडून तांबं काढलं की तो सगळा हवेत.

दुरुस्ती शिकायची असेल तर रिपेअर कॅफे नावाचा प्रकार शोधा, २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाला आणि आता बऱ्याच देशांत आहे, लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाणकार शेजारी बसून दुरुस्त करायला शिकवतात. नसेल तर चार शेजारी मिळून महिन्यातून एक दुपार करता येईल, त्याला फार काही लागत नाही.

पायरी ७: आता बाहेर काढा, पण भाबडेपणाने नको

येणं कमी झालं की मगच याला हात घाला. "दान केलं" म्हणजे प्रश्न मिटला असं समजू नका. श्रीमंत देशांत दान केलेल्या कपड्यांचा मोठा भाग परदेशांत विकायला जातो, उदाहरणार्थ घानामधल्या अक्रा शहराच्या कांतामांतो बाजारात किंवा चिलीत, आणि जे विकलं जात नाही त्याचे ढीग घानाच्या समुद्रकिनाऱ्यावर आणि चिलीतल्या आताकामाच्या वाळवंटात पडलेत. द्यायचं तर नेमक्या माणसाला, विचारून, धुऊन, चालू स्थितीत द्या. फाटकं दान करू नका, त्याची फडकी करा.

ई-कचरा कधीच साध्या कचऱ्यात नाही. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, आणि अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यायची. चालू असलेला जुना फोन ड्रॉवरमध्ये ठेवून देण्यापेक्षा डेटा पुसून लगेच कोणाला तरी द्या, दोन वर्षांनी त्याला कोणी विचारत नाही.

प्लॅस्टिकच्या रिसायकलिंगवर तर फारच कमी विसंबा, २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लॅस्टिक कचरा झाला त्यातला ९ टक्केच रिसायकल झाला होता.

पायरी ८: घरातली माणसं

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही, उपदेश करायचा नाही, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या कपाटाकडे बघून सुस्कारे तर अजिबात सोडायचे नाहीत. स्वतःपुरतं करा. सामाईक वस्तूंसाठी मात्र एक साधा करार करता येतो, अमुक रकमेच्या वरचं काहीही दोघांनी थांबायच्या यादीत टाकल्याशिवाय येणार नाही. भेटवस्तूंचं आधीच सांगून ठेवा, "काही आणू नका" म्हटलं तर लोक ऐकत नाहीत, त्यांना काहीतरी द्यायचंच असतं, त्यापेक्षा "संपणारं काहीतरी आणा" किंवा "मुलाला एक दिवस फिरायला न्या" असं नेमकं सांगितलं तर ऐकतात. मुलांच्या खेळण्यांची अदलाबदल दुसऱ्या घराशी करून बघा, पेटीत ठेवलेली खेळणी दोन महिन्यांनी काढली तरी नवीनच वाटतात त्यांना.

पायरी ९: वाचलेल्या पैशांचं काय

वर्षभर हे केलं की पैसे वाचतात, आणि ते पैसे विमानाच्या तिकिटात गेले की सगळा हिशोब उलटा होतो. एका लांबच्या विमानप्रवासाचं उत्सर्जन तुम्ही न घेतलेल्या बऱ्याच टी-शर्टना खाऊन टाकतं. अशा प्रकाराला अर्थशास्त्रात रिबाउंड म्हणतात, १८६५ मध्येच जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने कोळशाबद्दल लिहून ठेवलंय की इंजिनं कमी कोळशात जास्त काम करायला लागली तर कोळशाचा एकूण खप घटत नाही, वाढतो. म्हणून वाचलेले पैसे आधीच कुठेतरी बांधून ठेवा, कर्ज फेडा, घराच्या दुरुस्तीत घाला, किंवा जमत असेल तर कामाचे तासच कमी करा. आणि छोट्या वस्तूंवर हात बसला की मोठ्या गोष्टींकडे बघा, घर किती मोठं हवंय, दुसरी गाडी खरंच लागते का, वर्षाला किती उड्डाणं. खरं वजन तिथे आहे, पण पहिल्याच दिवशी तिथे हात घातला तर घरात भांडणं होतात, म्हणून मी ते शेवटी ठेवलंय.

पायरी २ ची वही सहा-आठ महिन्यांनी परत महिनाभर लिहा. नोकरी बदलली, घर बदललं, मूल झालं की वस्तूंचा ओघ परत वाढतो आणि लक्षात येत नाही. आणि फोन बदललात तर पायरी ३ लगेच, त्याच दिवशी, कारण जुन्या फोनवरची सगळी ॲप आपोआप नव्यावर आलेली असतात आणि बंद केलेली नोटिफिकेशन बऱ्याचदा परत चालू झालेली असतात.